भरलेल्या दाढेची कळ

किडलेली दाढ दंतवैद्याकडून भरून घेतली म्हणजे दुखणें संपलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि पुष्कळदां ती खरीही ठरते. पण कित्येकांच्या वांट्यास निराळाच अनुभव येतो. जी दाढ भरण्यापूर्वीं आपली कीड मुकाट्यानें सोशीत होती, तीच भरल्यानंतर बोलूं लागते. माठांतल्या पाण्याचा घोट, पन्ह्याचा पेला, पहांटेचा गार वारा, फार काय, साखरेचा एखादा खडा, यांपैकीं कशानेंही विजेसारखी सणक जाते आणि क्षणार्धांत नाहींशीही होते. रोगी परत वैद्याकडे जातो. वैद्य आरसा घेऊन पाहतो, तों दाढ ठाकठीक भरलेली. मग दोघांपैकीं कोणाचें खरें मानावयाचें?

दंतवैद्यकाच्या इतिहासांत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें घोळत पडला होता. त्याचें उत्तर प्रथम भरलेल्या पदार्थांत शोधण्यांत आलें, मग दांतांतल्या मज्जातंतूंत; आणि तेथेंही तें सांपडेना, तेव्हां तें रोग्याच्या भित्रेपणांत शोधावयासही कित्येकांनीं कमी केलें नाहीं. खरें उत्तर होतें तें ठिकाण मात्र इतकें अरुंद, कीं साध्या डोळ्यांस तें दिसणेंच शक्य नव्हतें.

दांत बाहेरून दगडासारखा एकसंध दिसतो, पण तो तसा नाहीं. वरचें पांढरें कवच तें दंतवल्क. शरीरांतील हा सर्वांत कठीण पदार्थ; त्यास संवेदना नाहीं. त्याच्या खालीं पिवळसर दंतिन, आणि अगदीं गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांनीं भरलेली मऊ दंतमज्जा. यांतील दंतिन दिसावयास घट्ट, पण घडणीनें चाळणीसारखें आहे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी आंतोनी लेव्हेनहूक यानें स्वतः घासलेल्या भिंगांतून तें पाहिलें, आणि दांत हा बारीक नळ्यांचा बनलेला आहे, असें १६७८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. पुढें झालेल्या मोजणींत असें आढळलें, कीं मज्जेच्या जवळ एका चौरस मिलिमीटरांत सुमारें ४५,००० नळ्या असतात, आणि तेथें प्रत्येकीची रुंदी मिलिमीटरच्या चारशेंव्या भागाएवढी असते. बाहेरच्या अंगास त्या विरळ व अधिक अरुंद होत जातात. म्हणजे कीड जितकी खोल, तितक्या अधिक नळ्या, आणि त्याही अधिक रुंद, गिरमिटाखालीं उघड्या पडतात. या नळ्या रिकाम्या नसून त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. या द्रवाची आठवण ठेवावयास हवी. पुढचा सारा खेळ त्याचाच आहे.

एकोणिसाव्या शतकांत दांत भरण्याचें उत्तम द्रव्य म्हणजे सोनें. सोन्याच्या वर्खाच्या गोळ्या पोकळींत दाबून बसवीत. वर्खाचे थर एकमेकांस चिकटून एकजीव होतील अशी रीत अमेरिकेंतील रॉबर्ट आर्थर यानें १८५५ सालीं दाखविल्यानंतर तर लहानशा हातोडीनें वर्ख ठोकून बसविण्याच्या कलेस फार चांगले दिवस आले. असें भरण कित्येक दशकें टिके. पण सोनें उष्णतेचें उत्तम वाहक आहे, दंतिनापेक्षां शेंकडों पटींनीं अधिक. खोल पोकळींत भरलेलें सोनें चहाची ऊब आणि बर्फाचा गारवा थेट मज्जेच्या उंबरठ्यावर नेऊन पोंचवी. तेव्हां धातूच दोषी, असें वैद्यांस वाटलें तर त्यांत नवल नव्हतें. आणि तें अगदींच खोटेंही नव्हतें. शेजारीं किंवा समोर दुसऱ्या धातूचें भरण असलें, तर लाळेंत बुडालेल्या त्या दोन धातूंमध्यें विजेचा क्षीण प्रवाह वाहून क्षणभर झटका बसे, हाही अनुभव त्या काळीं अपरिचित नव्हता.

सोनें ज्यांस परवडत नसे त्यांच्यासाठीं चांदी व पारा यांचें मिश्रण आलें. मराठींत 'दाढेंत चांदी भरणें' म्हणतात तें हेंच. १८३३ सालीं क्रॉकूर बंधूंनीं भारदस्त नांवाखालीं तें न्यूयॉर्क शहरांत आणलें, आणि सोन्यावर पोट भरणाऱ्या दंतवैद्यांची झोंप उडाली. १८४० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संस्थेनें १८४५ सालीं सभासदांकडून हें मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेण्याचें ठरविलें. तंटा इतका विकोपास गेला, कीं १८५६ सालीं संस्थाच मोडली. गंमत अशी, कीं हा सारा वाद पाऱ्याच्या विषाविषयीं होता. भरण झाल्यावर रोग्यास कळ येते कीं नाहीं, हें विचारण्यास दोन्हीं पक्षांस फुरसत नव्हती.

या मिश्रणाचा खरा व्यावहारिक दोष शोधला तो शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यानें. मिश्रण घट्ट होतांना फुगतें कीं आकसतें, हें त्यानें सूक्ष्म मापकानें मोजलें, आणि १८९५-९६ च्या सुमारास घटक धातूंचीं प्रमाणें ठरवून दिलीं. फुगलें तर दांतावर ताण, आकसलें तर भरण आणि दांताची भिंत यांच्यामध्यें फट. ब्लॅकला चिंता होती ती त्या फटींतून पुन्हां कीड लागण्याची. कळेचा आणि फटीचा कांहीं संबंध असेल, ही गोष्ट त्या पिढीच्या ध्यानांत आली नाहीं.

तोंवर कळ शमविण्याचे उपाय मात्र चालूंच होते, आणि त्यांतील एक फारच भयंकर होता. न्यूयॉर्कचा दंतवैद्य शिअरजाशब स्पूनर यानें १८३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत दंतमज्जा मारण्यासाठीं सोमल वापरावा असें सुचविलें. सोमलाचा कण पोकळींत ठेवून वर झांकण केलें, कीं कांहीं दिवसांत दांत मुका होई. हा उपाय इतका खात्रीचा, कीं मज्जा उघडी पडली नसतांही, केवळ दंतिन हुळहुळतें म्हणून, सोमल लावण्याची प्रथा कित्येकांनीं पाडली. कळ जाई हें खरें. पण तिच्याबरोबर दांताचा जीवही जाई. मेलेल्या मज्जेस पुढें पू धरे, दांत काळवंडे आणि शेवटीं काढावा लागे. सोमल हिरडीकडे पाझरला, तर तेथील मांस व हाडही झडे. जो दांत कदाचित् महिनाभरांत आपोआप शांत झाला असता, तो गमावून बसलेल्या माणसांची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

याच्या उलट टोकास एक सौम्य उपाय होता, आणि तो आपल्या घराघरांतल्या आजीबाईच्या बटव्यांतला. दुखऱ्या दाढेखालीं लवंग धरावी, हें कोंकणांत काय नि देशावर काय, कोणासही शिकवावें लागत नाहीं. लवंगेच्या तेलांतील मुख्य द्रव्य म्हणजे युजेनॉल. हें तेल आणि जस्ताचें पांढरें भस्म एकत्र खलिलें, कीं त्याचा लुकणासारखा लगदा होऊन हळूहळू घट्ट होतो, हें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकांत ध्यानांत आलें, आणि कळ येणाऱ्या दाढेंत भरण्यासाठीं तो जगभर रूढ झाला. ठणकणारी दाढ या लगद्यानें निवते, हा अनुभव आजही दंतवैद्य घेतात. श्रेय अर्थात् लवंगेस मिळालें. तें बरेंचसें योग्यही होतें, कारण युजेनॉल थोड्या प्रमाणांत मज्जातंतूंस शांत करतें. पण हा लगदा पोकळीचीं तोंडें चांगलीं बुजवितो आणि जंतूंस वाढूं देत नाहीं, या त्याच्या दुसऱ्या गुणाकडे दीर्घकाळ कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं पुढच्या दांतांसाठीं दांताच्या रंगाचें सिलिकेट सिमेंट आलें. आरशांत पाहणारास तें आवडलें. परंतु तें भरलेले दांत फार हुळहुळत, आणि कित्येकांची मज्जा मरून जाई. हें सिमेंट कालवतांना त्यांत फॉस्फरिक आम्ल पडतें. तेव्हां आम्लच मज्जेस जाळतें, असा निष्कर्ष निघाला. मागच्या दाढांत वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या सिमेंटावरही तोच आरोप आला. म्हणून भरणाखालीं कांहींतरी अस्तर घालावें, असा नियम झाला: कधीं राळेचें रोगण, कधीं लवंगतेलाचा लगदा, कधीं चुना. जर्मनींतील हेर्मान यानें १९२० सालीं विरवलेल्या चुन्याचा लेप दंतवैद्यकांत आणला, तो तर पुढें पन्नास-साठ वर्षें खोल पोकळीच्या तळाशीं हमखास घातला जाऊं लागला. अस्तरानें कळ कमी होई. नियम उपयोगी होता, फक्त त्याचें कारण चुकीचें होतें.

उघड्या दंतिनाची कळ घालविण्यासाठींही नाना द्रव्यें वापरून झालीं. बोस्टनच्या पर्सी हाउ यानें १९१७ सालीं सुचविलेलें चांदीच्या क्षाराचें द्रावण गुणकारी होतें, पण तें दांत काळेकुट्ट करी. १९३५ सालीं फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमन यानें अशा औषधाच्या अंगीं कोणते गुण हवेत हें एकदां स्पष्ट मांडलें: त्यानें मज्जेस इजा करूं नये, तें लावतांना वेदना होऊं नयेत, तें लावण्यास सोपें असावें, त्याचा गुण लवकर यावा व पुष्कळ दिवस टिकावा, आणि दांतावर डाग पडूं नये. या कसोटीस तेव्हांचें एकही द्रव्य पुरतेंपणीं उतरत नव्हतें. १९४१ सालीं सोव्हिएट रशियांतील ल्युकोम्स्की यानें सोडियम फ्लोराइड वापरण्याचें सुचविलें. दोन वर्षांनीं अमेरिकेंत होइट व बिबी यांनीं तें, चिनी माती व ग्लिसरीन सारख्या प्रमाणांत घेऊन त्याची उटी केली. ती वैद्यानेंच जपून लावावयाची असे, कारण इतकें फ्लोराइड पोटांत जाणें विषासमान.

असो. मूळ कोडें तसेंच होतें. दंतिनाच्या बाहेरच्या भागांत मज्जातंतु आढळत नाहींत, आणि तरीही तेथें नुसती वाऱ्याची फुंकर लागली तरी माणूस दचकतो, हें कसें? इंग्लंडांतील जॉन टोम्स यानें १८५६ सालीं दंतिनाच्या नळ्यांत सजीव तंतु असल्याचें दाखविलें, आणि तेच कळ वाहून नेत असावेत, असें मत प्रचलित झालें. पण त्यांत एक अडचण होती. कातडी बधिर करणारें औषध उघड्या दंतिनावर लावलें तरी कळ थांबत नसे. उलट ज्या साखरेच्या पाकानें हाताची त्वचा कधीं झोंबत नाहीं, तोच पाक दंतिनावर पडतांच कळ उठे.

या कोड्याची किल्ली १९०० सालींच सांपडली होती. झुरिचच्या आल्फ्रेड गिझी यानें त्या सालीं इंग्लंडमधील एका दंतवैद्यकीय मासिकांत लेख लिहून असें सुचविलें, कीं नळ्यांतील द्रव हालतो, आणि त्याच्या हालण्यानेंच आंतील मज्जेस संवेदना होते. गिझीचें नांव पुढें कृत्रिम कवळ्यांच्या शास्त्रांत गाजलें. त्याचा हा विचार मात्र जवळजवळ साठ वर्षें कपाटांत पडून राहिला. तेवढ्या काळांत किती अस्तरें, किती क्षार आणि किती निष्कारण मारलेल्या मज्जा खर्ची पडल्या!

त्यास पुन्हां उजेडांत आणलें तें स्टॉकहोमच्या मार्टिन ब्रानस्ट्रॉम यानें, १९६० नंतरच्या दशकांत. त्याचे प्रयोग साधे असूनही फार मार्मिक आहेत. दांत ओळींत आणण्यासाठीं जे निरोगी दांत काढावयाचेच होते, ते त्यानें प्रयोगास घेतले. उघड्या दंतिनावर कोरडा टिपकागद ठेवला, कीं कळ येई. तोच कागद शरीरांतील द्रवाइतक्याच खाऱ्या द्रावणांत भिजवून ठेवला, तर कळ येत नसे. हवेचा झोत, कोरडा कागद, तीव्र क्षार किंवा साखर, या साऱ्यांत समान गोष्ट एकच: हीं सर्व नळ्यांतील द्रव बाहेर ओढून घेतात. कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेवलें, कीं त्यांस पाणी सुटतें, हें लोणचें घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. साखरेनें दाढ कळते तें त्याच न्यायानें. गारव्यानें नळ्यांतील द्रव आकसून चट्दिशीं सरकतो, आणि नळीच्या आंतल्या तोंडाशीं असलेला मज्जातंतु त्या ओढीनें जागा होतो. हवेचा झोत जोरांत मारला, तर मज्जेच्या कडेच्या पेशीदेखील नळ्यांत ओढल्या जातात, हेंही ब्रानस्ट्रॉमनें सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें. पोकळी वाळविण्यासाठीं दंतवैद्य जी हवा सहज मारीत, ती अशा रीतीनें एकाएकीं आरोपीच्या पिंजऱ्यांत येऊन उभी राहिली.

भरणानंतरच्या कळेचा अर्थ आतां लागूं लागला. भरण आणि दांत यांच्यामध्यें केसाहूनही बारीक फट राहिली, तरी तींत द्रव सांचतो. गार पाण्यानें तो आकसला, किंवा चावतांना भरण किंचित् दबलें, कीं तो नळ्यांतून मागेंपुढें ढकलला जातो आणि सणक उठते. शिवाय ती फट जंतूंस वाट देते. १९७१ सालीं ब्रानस्ट्रॉम व निबॉर्ग यांनीं सिलिकेट सिमेंटाच्या भरणाखालीं जंतूंचे थर दाखविले. त्यापूर्वीं १९६५ सालीं अमेरिकेंत काकेहाशी व त्याचे सहकारी यांनीं जंतुरहित वातावरणांत वाढविलेल्या उंदरांच्या दांतांची मज्जा उघडी करून पाहिली, तों ती आपोआप भरून आली. साध्या उंदरांची मात्र सडून गेली. आणि १९८७ सालीं कॉक्स व सहकारी यांनीं माकडांच्या दांतांत तींच बदनाम सिमेंटें थेट मज्जेवर ठेवून वरचें तोंड लवंगतेलाच्या लगद्यानें पक्कें बंद केलें, तेव्हां मज्जा बहुधा सुखरूप राहिली. ऐंशीं वर्षें ज्या आम्लास दोष दिला गेला होता, तें बव्हंशीं निर्दोष ठरलें.

गिरमिटाचेंही पाप थोडें नव्हतें. पायानें चालविण्याचें गिरमिट मॉरिसननें १८७१ सालीं आणलें, आणि १९५७ सालीं मिनिटास लाखों फेरे घेणारें, हवेच्या जोरावर चालणारें यंत्र आलें. १९६५ सालीं झॅक व कोहेन यांनीं माकडांवर प्रयोग करून दाखविलें, कीं मज्जेचें तपमान नुसतें साडेपांच अंश सेल्सियसनें वाढलें, तरी सुमारें १५ टक्के दांतांची मज्जा पुन्हां सावरत नाहीं. गिरमिटाबरोबर पाण्याचा फवारा सोडणें त्यामुळें अपरिहार्य झालें.

याच सुमारास दांताच्या रंगाचीं नवीं राळेचीं भरणें पुढें येत होतीं. दंतवल्कास फॉस्फरिक आम्लानें खरखरीत केलें, कीं राळ त्यास घट्ट धरते, हें बुओनोकोर यानें १९५५ सालीं दाखविलें. टोकियोच्या फुसायामा यानें १९७९ सालीं तेंच आम्ल दंतिनावरही लावण्याचें धाडस केलें. पाश्चात्य वैद्यांस तें ऐकूनच धडकी भरली. १९८२ सालीं नाकाबायाशी यानें राळ दंतिनाच्या तंतूंत मुरून दोहोंचा मिश्र थर बनतो, हें सिद्ध केलें. पण आम्लानें नळ्यांचीं तोंडें सताड उघडीं होतात. राळेनें तीं सर्व बुजविलीं तर उत्तम, कांहीं उघडीं राहिलीं तर रोग्याचे हाल पूर्वींपेक्षां अधिक. त्यांतून राळ घट्ट होतांना शेंकडा दोन-तीन भाग आकसते आणि कडेस ओढ बसते. म्हणून मागच्या दाढांत राळ भरण्याची चाल वाढली, तशा भरणानंतरच्या कळेच्या तक्रारीही वाढल्या. राळ एकदम न भरतां थरांथरांनीं भरणें, दंतिन वाळवून कोरडें ठक्क न करतां किंचित् ओलसर ठेवणें, दांतास रबराचा पडदा लावून लाळ दूर ठेवणें, या खबरदाऱ्या त्यांतून निघाल्या. ओलसरपणाचें महत्त्व अमेरिकेंतील कांका यानें १९९२ सालीं पटवून दिलें. पुढें स्वतःच सौम्य आम्ल असलेलीं, धुवावीं न लागणारीं चिकट द्रव्यें आलीं, आणि त्यांनीं कळ नक्कीच कमी होईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ब्राझिलमधील संशोधकांनीं २०१५ सालीं अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हां दोन्हीं पद्धतींत कळेच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. बाटलीपेक्षां ती वापरणाऱ्या हाताकडेच अधिक पाहावें लागतें, असें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

घरीं करावयाच्या उपायांसही याच शोधाचा आधार मिळाला. नळींतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाहतो, हा फ्रान्सच्या प्वाझ्यचा नियम. म्हणजे नळीचें तोंड निम्म्यानें अरुंद झालें, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. अमेरिकेंतील पॅशली यानें दंतिनांतून वाहणारा द्रव प्रत्यक्ष मोजून या नियमाचें महत्त्व दाखविलें. तेव्हां नळ्या पूर्ण बुजल्या नाहींत तरी पुष्कळ आराम पडतो. फ्लोराइडाचे लेप, १९६१ सालीं बाजारांत आलेलें स्ट्राँशियमचें दंतमंजन, यांचा रोख नळ्या अरुंद करण्याकडे. होडोश यानें १९७४ सालीं पुढें आणलेला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, मज्जातंतूंसच शांत करतो, असें मानलें जातें. मात्र त्याचा गुण येण्यास कांहीं आठवडे रोज घासावें लागतें. या मंजनांचा उपयोग हिरडीजवळच्या उघड्या दंतिनासाठीं अधिक; भरणाखालची फट त्यांनीं बुजत नाहीं.

युरोपीय संघानें २०२५ च्या १ जानेवारीपासून पारा-चांदीचें भरण बहुतांशीं बंद केलें. पाऱ्याविषयींच्या २०१३ च्या मिनामाता करारामुळें इतर देशांतही त्याचा वापर घटत आहे. त्यामुळें राळेच्या भरणांची, आणि त्यांच्या कडांची, काळजी आतां अधिकच घ्यावी लागते.

रोग्याच्या तक्रारीकडे पाहण्याची दृष्टीही या साऱ्यांतून पालटली. गार लागतांच येणारी आणि लगेच जाणारी सणक बहुधा द्रवाच्या हालचालीची असते. दांत स्वतःच नळ्यांच्या आंत क्षार सांठवून व मज्जेच्या बाजूनें नवें दंतिन रचून तीं तोंडें हळूहळू बंद करतो, आणि कांहीं दिवसांत वा आठवड्यांत ती थांबते. फक्त चावतांनाच दुखत असेल, तर पुष्कळदां भरण किंचित् उंच राहिलेलें असतें. रंगीत कागद चाववून तेवढा उंचवटा घासला, कीं काम होतें. पण ऊन पदार्थानें उठलेली कळ मिनिटेंच्या मिनिटें रेंगाळत असेल, किंवा रात्रीं झोंपेंतून जागें करीत असेल, तर मज्जा सुजलेली आहे असें समजून वैद्याकडे लगेच जावयास हवें. म्हणून कळ किती वेळ टिकते, हा प्रश्न आज दंतवैद्य आरसा हातांत घेण्यापूर्वींच विचारतो.